यांचं ‘हौ’

पाहुणे येणार म्हटलं की मला आधी राग येतो आणि मग मी चहाचं आधण ठेवते. हा क्रम उभ्या जन्मात बदललेला नाही. आता वय झालं, रागवायलाही दम लागतो, पण राग येतोच.

तरुणपणी तर विचारूच नका. हैदराबादेत गौलीगुड्यात आमच्या दोन खोल्या होत्या आणि महिना दोन महिन्यांनी कुणी ना कुणी तिथे येऊन टपकायचंच. पाहुण्यांच्या सरबराईचे आमचे कायदे माझ्या वकील वडिलांच्या पुस्तकांतल्या कायद्यांहून कडक होते. पाहुणा यायच्या आदल्या दिवशी न्हाणीत साबणाची नवी वडी ठेवायची, तीही कागदासकट, म्हणजे खास त्याच्यासाठी आणली हे त्याला दिसावं. घरची झिजलेली वडी गुपचूप मागच्या अंगणातल्या नळावर न्यायची. यजमानाने कचेरीतून रजा काढून शहर दाखवायचं. पाहुण्याने एखाद्या वस्तूचं कौतुक केलं तर ‘आपलीच आहे, घेऊन जा’ म्हणायचं, आणि त्याने ‘छे छे, आपल्याकडेच शोभते’ म्हणून ती जागच्या जागी ठेवायची. घरच्या कटकटी त्याच्यासमोर काढायच्या नाहीत. आणि काही झालं तरी पाहुण्याला नाही म्हणायचं नाही.

हा शेवटचा कायदा आमच्या यांच्या अंगात मुरलेला. हे मूळचे परभणीकडच्या शेतकऱ्याघरचे. बाराव्या वर्षी उर्दू शाळेसाठी हैदराबादेत आले आणि इथली रीतभात अशी काही उचलली की इथेच जन्मलेल्या मला लाज वाटावी. आम्ही हैदराबादेतली माणसं ‘हो’ला ‘हौ’ म्हणतो. यांच्या तोंडी दिवसातून शंभरदा हौ. खरं हौ असायचं, भिडेपोटी म्हटलेलं हौ असायचं, आणि समोरचा माणूस एकदाचा गप्प बसावा म्हणूनही एक हौ असायचं. लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मला वाटायचं, मला सगळी ओळखता येतात.

त्या वर्षी, छप्पन साली, आमचं हैदराबाद राज्य मोडत होतं. सतरंजी फाडून तिचे तीन तुकडे करावेत तसं चाललं होतं. तेलुगू मुलूख आंध्राला, कानडी मुलूख म्हैसूरला आणि आमचे मराठी जिल्हे मुंबई राज्याला. सतरंजीवर बसलेल्या माणसांनी कुठल्या तुकड्यावर सरकायचं ते सरकारला लिहून द्यायचं होतं. हे जमिनीच्या दफ्तरात कारकून. यांनाही एक छापील कागद मिळाला. त्यावर दोन ओळी: एक हैदराबादेत राहण्याची, एक मराठी जिल्ह्यांत जाण्याची. नको ती खोडायची आणि खाली सही करायची. ठरलेल्या शनिवारी एक वाजेपर्यंत कागद पोचला नाही तर माणूस आपोआप आपल्या मूळ जिल्ह्याला जाणार, म्हणजे हे परभणीला.

आणि माझी आई इथेच, मलकपेठेत. वडील गेल्यापासून त्यांच्या घरात एकटीच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाने तर फक्त उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. मी तिची एकुलती एक. एक दिवसाआड डबा घेऊन रिक्षाने जायचे, तिची वेणी घालायचे, दूधवाल्याशी भांडायचे, औषधाच्या बाटल्यांना निरनिराळे दोरे बांधून यायचे. तिला म्हटलं, चल आमच्याबरोबर परभणीला, तर म्हणाली, “या घराच्या भिंती मला हाताने ओळखता येतात. नव्या घरात मी आठ दिवसांत पडेन.”

म्हणून मी यांना स्वच्छ सांगितलं होतं, आई आहे तोवर आपण इथेच राहायचं. हे म्हणाले, “हौ.” मग कागद देऊन टाका. “हौ, देतो की.” पंधरा दिवस झाले, कागद यांच्या शेरवानीच्या आतल्या खिशात. रोज सकाळी विचारायचं आणि रोज संध्याकाळी नुसतं भिजत घोंगडं. शेवटचा आठवडा उरला आणि नेमकं पुण्याहून पत्र आलं. यांचा वसतिगृहातला जुना मित्र बायकोसह येतोय, शाळेत असताना बघायचं राहून गेलेलं हैदराबाद पाहायला, चार दिवस!

“त्यांना पुढच्या महिन्यात या म्हणून तार करा,” मी म्हटलं.

“असं कसं म्हणायचं?” हे म्हणाले, आणि नवीन साबण आणायला गेले.

बुधवारी पाहुणे उतरले. यांचे मित्र म्हणजे आनंदी माणूस. गळ्यात कॅमेरा, हातात वही, आणि जे दिसेल त्याला ‘वा!’. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे, त्याही मला वहिनीच म्हणायच्या. वहिनी उंच, खणखणीत आवाजाच्या, आणि पोटात आलं की ओठांत आलंच. पहिल्याच जेवणाला मला म्हणाल्या, “वहिनी, आमटीत चिंच जरा जास्त झालीय हं.” मी हसले. आत तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या अख्ख्या खानदानात कुणी आमटीला नाव ठेवलं नव्हतं. लोक मुकाट्याने खायचे आणि घरी जाऊन बोलायचे.

त्याच दिवशी सुरईचं झालं. कपाटावर माझी बिदरी सुरई होती, काळ्या अंगावर चांदीची बारीक वेल, वडिलांनी लग्नात दिलेली. वहिनींनी ती दोन्ही हातांत घेतली. “किती सुंदर आहे हो!” आणि हे लगेच, सवयीने, “आवडली? मग आपलीच समजा. घेऊन जा.” मी वहिनींकडे बघत राहिले, आता म्हणतील ‘तुमच्याकडेच शोभते’. वहिनी म्हणाल्या, “खरंच? अय्या! किती मोठं मन तुमचं, भाऊजी!” आणि संध्याकाळी मी कणीक मळत असताना त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत घातली. मला दिसत होतं. वडिलांची सुरई डोळ्यांदेखत ट्रंकेत गेली आणि मी विचारलं, “अजून कागद हवाय का गुंडाळायला?”

रात्री यांना म्हटलं, सुरई गेली. हे म्हणाले, “अगं, त्यांना इथली रीत माहीत नाही.” म्हटलं, तुम्हाला तर त्यांची माहीत आहे ना? हे कूस बदलून झोपले.

गुरुवारी चारमिनार आणि लाडबाजार. वहिनींनी चुड्यांची सत्तर दुकानं पाहिली असतील. प्रत्येक दुकानदार उठून ‘आओ अम्मा’ म्हणायचा, चहा मागवायचा, आणि वहिनी चहा पिऊन ‘नको, रंग बरोबर नाही’ म्हणून खाली उतरायच्या. कानकोंडी मी व्हायचे. हे मागे राहून दुकानदाराची माफी मागायचे. त्या माफ्यांतच दुपारचे तीन वाजले. यांनी रजाच काढलेली, कचेरीचं तोंड दिसणार कधी?

पाहुण्यांसमोर घरची कटकट काढायची नाही. मराठीत बोलायची सोय नव्हती आणि दखनी, म्हणजे इथली उर्दू, यांच्या मित्राला वसतिगृहापासून येत होती. मग मी तेलुगूत विचारलं, “कागितम् इच्चारा?” कागद दिलात का?

“इस्तानु,” हे म्हणाले. देतो.

“काय कुजबुजताय नवराबायको?” वहिनींनी विचारलं. “आम्हालाही कळू द्या की!”

“काही नाही,” मी म्हटलं, “भाजी काय आणायची ते विचारत होते.”

शुक्रवारी गोवळकोंडा. किल्ला पाहून उतरताना वहिनी भिंतीला हात धरून एकेक पायरी जपत आल्या. खालच्या दरवाज्यात टाळी वाजवली की वर किल्ल्याच्या टोकाला ऐकू येते, ते पाहुण्यांना दाखवायचंच असतं. यांचे मित्र पुन्हा वर जाऊन उभे राहिले आणि आम्ही खालून टाळ्या वाजवत बसलो. त्यांचं समाधान होईना. पुन्हा वाजवा, आता जोरात, आता हळू, आता वहिनींनी एकटीने. इकडे माझा जीव टांगणीला आणि मी भर उन्हात टाळ्या पिटतेय! मनात म्हटलं, या टाळीपेक्षा मी एक किंकाळी फोडली तर ती नक्की कचेरीपर्यंत पोचेल.

संध्याकाळी टँकबंडवर, तळ्याच्या बांधावर, नेलं. हुसेनसागर काठोकाठ भरलेला, वारा सुटलेला. पाण्याच्या मधोमध एक मोठा खडक होता तेव्हा, नुसता उघडा दगड. आम्ही जन्मभर पाहत आलो, पण त्याच्यावर जावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. यांच्या मित्राने बोट केलं. “अरे, हे तर बेट! तिथे जाता येतं?”

मी घाईने म्हटलं, “नाही, तिथे कुणी जात नाही.”

“हौ, येतं की,” हे म्हणाले. “मासे धरणाऱ्यांच्या नावा असतात. उद्या सकाळी जाऊ.”

उद्या शनिवार. घरी आल्यावर मी यांना मागच्या नळाशी गाठलं आणि दात आवळून विचारलं, उद्याचा दिवस कुठला ते आठवतंय ना? हे म्हणाले, खडक कचेरीच्या अगदी समोर आहे, सकाळी आठला निघू, दहापर्यंत परत येऊ, तसाच जाऊन कागद देतो, पाहुण्यांचंही मन राहील. मी म्हटलं, मी बरोबर येणार. “हौ, ये की,” म्हणाले.

आठला निघायचं ते निघेपर्यंत साडेनऊ. वहिनींची वेणी, मित्राचा कॅमेरा, माझ्या पुऱ्यांचा डबा. नाववाला म्हातारा होता, तेलुगू बोलायचा, मोडकी दखनी बोलायचा. त्याने आम्हाला खडकावर उतरवलं आणि पलीकडे टाकलेल्या जाळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “अब्बी आताऊं, अम्मा.” आणि निघून गेला. हैदराबादेत ‘अब्बी’ म्हणजे किती, ते मला कळायला हवं होतं. जन्म गेला होता तिथे.

बेट कसलं! वर बगळ्यांची घाण, खाली शेवाळ, सावलीला एक झुडूप नाही. दगड तापत चाललेला. यांचे मित्र मात्र हरखून गेले होते, कंबरेवर हात ठेवून म्हणाले, “समुद्रातल्या बेटावर आल्यासारखं वाटतंय! एक नारळाचं झाड हवं होतं.” वहिनींनी डबा उघडला. मी पाण्यापलीकडे बघत होते. समोर, अगदी समोर, यांची कचेरी. खिडक्या मोजता येत होत्या. फाटकातून आत जाणारे लोक दिसत होते. यांच्यासारखेच कारकून, हातात कागद घेऊन चाललेले.

साडेदहा झाले. साडेअकरा झाले. म्हातारा दूरवर ठिपक्याएवढा, जाळं ओढतोय. यांचे मित्र आम्हाला ओळीने उभं करून फोटो काढत होते आणि हे शेरवानीत घामाघूम होऊन कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. त्या हसण्याने माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“वहिनी, जरा डावीकडे,” मित्र मला म्हणाले.

“मला नाही सरकायचं डावीकडे!” मी ओरडले. खडकावरचे पक्षी उडाले. “आज एक वाजेपर्यंत यांचा कागद त्या समोरच्या कचेरीत गेला नाही ना, तर आम्हाला हैदराबाद सोडावं लागेल आणि माझी आंधळी आई मलकपेठेत एकटी मरेल! आणि मी इथे पुऱ्या वाटतेय! चार दिवस टाळ्या वाजवतेय!” मग मला रडू आलं आणि त्याचाच जास्त राग आला.

यांनी खाली मान घातली. पहिल्यांदा वहिनी बोलल्या, आणि त्या चिडल्या होत्या. “अहो, मग सांगायचं नाही का? आम्ही घरी बसलो असतो! मी सत्तर दुकानं हिंडले आणि तुम्ही गप्प?” मग यांच्याकडे वळून, “भाऊजी, कुठाय तो कागद? काय लिहिलंय त्यात?”

यांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात घडी घातलेला कागद. वहिनींनी उलगडला आणि माझ्याकडे दिला. कोरा होता. दोन्ही ओळी तशाच, कुठे रेघ नाही, खाली सही नाही.

“हे काय?” मी विचारलं.

हे त्या कोऱ्या कागदाकडे बघत म्हणाले, “दादा आले होते ना आषाढात? ते म्हणाले, आता आपला मुलूख एक होतोय, तू परत ये. मी थकलो. तुझ्यासाठी अंगणाच्या बाजूला एक खोली बांधतोय. मी हौ म्हटलं.” रुमालाची घडी घालत राहिले. “तुलाही हौच म्हटलं होतं. खोली बांधून झाली म्हणून पत्र आलंय.”

दादा म्हणजे माझे थोरले दीर. आषाढात येऊन गेले तेव्हा मी त्यांना पुरणपोळी वाढली होती आणि ते म्हणाले होते, “आता तुमचे हात आमच्या घरी येणार.” मला वाटलं, असंच कौतुकाने म्हणतायत. मी हसले होते.

खडकावर उभं राहून मला यांची दया यायला हवी होती. आली नाही. खोटं कशाला सांगू? मला फक्त आईचे मोतीबिंदू दिसत होते आणि समोरचं फाटक दिसत होतं. मनात म्हटलं, या माणसाने आणखी एक तास असाच घालवला असता आणि मग म्हणाला असता, मी काय करणार, सरकारने ठरवलं! दादांना नाही म्हणायला नको, मला नाही म्हणायला नको, सगळं शनिवार बघून घेईल.

“पेन आहे का हो?” मी यांच्या मित्राला विचारलं. त्यांनी खिशातून काढून दिलं. पुऱ्यांच्या डब्याच्या झाकणावर कागद ठेवून मी परभणीची ओळ खोडली. एकदा नाही, दोनदा. आणि झाकण यांच्यापुढे धरलं. “करा सही.”

यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुझं हेच म्हणणं आहे ना?”

“हेच.”

“हौ,” हे म्हणाले, आणि सही केली.

मग वहिनींनी पदर कंबरेला खोचला, मित्राचं लाल पंच्यासारखं उपरणं हिसकावून घेतलं आणि खडकाच्या टोकाला उभं राहून असा काही गलका केला की तो म्हातारा जाळं तसंच सोडून नाव वल्हवत आला. बारा वाजून वीस मिनिटांनी काठाला लागलो. तळ्याला वळसा घालून जायला टांगा केला. एकाला दहा मिनिटं असताना हे फाटकातून आत गेले. मी बाहेर उन्हात उभी होते. हे परत आले, पोच दाखवली, मी ती दोनदा वाचली आणि पोलक्यात ठेवली.

दुपारी पाहुण्यांची बांधाबांध चालली होती. वहिनी स्वयंपाकघरात आल्या, हातात वर्तमानपत्राचं गाठोडं. “वहिनी, एक विचारू? भाऊजींचं ते हौ आज मी पाहिलं. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. ही सुरई तुम्हाला खरंच द्यायची होती का? मला खरं उत्तर हवंय, गोड नकोय.”

माझ्या तोंडात ‘हो तर!’ येऊन थांबलं. मी म्हटलं, “नव्हती. वडिलांची आहे.”

“बघा!” वहिनी म्हणाल्या. “मला आधीच विचारायला हवं होतं.” त्यांनी कागद सोडला, पदराने सुरई पुसली आणि कपाटावर होती तिथे ठेवली. ना रुसवा, ना फुगवा. नामपल्ली स्टेशनवर गाडी हलताना खिडकीतून ओरडून म्हणाल्या, “आणि चिंच कमी घाला!” मला हसू आलं. ती बाई मला तेव्हापासून आवडायला लागली.

घरी परतताना टांग्यात मी सुरईची गोष्ट सांगितली. “चांगली बाई आहे,” म्हणाले. मला तेव्हा विचारता आलं असतं. खडकावर घाई होती, पण आता टांगा हळू चालला होता, दोघंच होतो. अहो, ती सही मनापासून केलीत का, एवढंच. पुण्याच्या बाईला चार दिवसांत जे कळलं ते मला सहा वर्षं संसार करून कळत होतं. खडकावरचं ते हौ कुठल्या प्रकारचं आहे, हे मी त्याच क्षणी ओळखलं होतं. ओळखून उचललं आणि ट्रंकेत घातलं. तिने निदान परत येऊन विचारलं. मी विचारलं नाही, कारण पोच माझ्या पोलक्यात होती आणि ती मला परत द्यायची नव्हती.

आई त्यानंतर सहा वर्षं जगली. तिच्या भिंती हाताने ओळखत, माझ्या हातून वेणी घालून घेत. त्याचं मला वाईट वाटत नाही, वाटणारही नाही. त्या सहा वर्षांत हे गावी एकटेच जाऊन यायचे, शनिवारी जायचे आणि सोमवारी परत. दादा आधी वर्षभर पत्राला उत्तर देत नव्हते, मग द्यायला लागले. गाव कसं आहे विचारलं की हे म्हणायचे, “छान आहे.” आई गेल्यावर पहिल्यांदाच आम्ही दोघं आठ दिवसांसाठी गेलो.

स्टेशनवर दादा स्वतः बैलगाडी घेऊन आले होते. बैलांना झुली घातलेल्या. घरी पोचलो तर जाऊबाईंनी पायांवर पाणी घातलं. यांनी बसायला जोतं पाहिलं तर दादा म्हणाले, “तिथं नको, खुर्ची आणलीय.” दुसऱ्या दिवशी दादांनी आम्हाला शेत दाखवायला नेलं. हा नवा बांध, ही मोटार, हा आंबा औंदा लागला नाही. प्रत्येक ठिकाणी थांबून, हाताने दाखवून, समजावून. हे म्हणायचे, “वा! फार छान.” मग विहीर. दादा पुढे होऊन म्हणाले, “जपून उतर रे, पायऱ्यांना शेवाळ आहे, तुला सवय नाही.”

हे त्या विहिरीत पोहायला शिकले होते. पाठीला भोपळा बांधून दादांनीच यांना वरून ढकललं होतं, ही गोष्ट मी लग्नापासून पन्नास वेळा ऐकलेली. “हौ,” हे म्हणाले, आणि भिंतीला हात धरून एकेक पायरी उतरले, गोवळकोंड्याला वहिनी उतरल्या होत्या तसे. मी वरून बघत होते. मला वाटलं, आत्ता ओरडावं, जसं खडकावर ओरडले होते. पण काय म्हणून ओरडणार, आणि कुणावर?

उतरवलं होतं ते दादांनी तेव्हा बांधलेल्या, अंगणाच्या बाजूच्या खोलीत. भिंती दगडी, दार सागवानी, आत दोन खाटा आणि धुतलेल्या चादरी. घरातली पोरं त्या खोलीला पाहुण्यांची खोली म्हणत. पोरांना तीच ओळख माहीत.

शेतातून आलो तेव्हा यांचे हात मातीने भरलेले होते. खोलीच्या बाहेर दगडावर तांब्या भरून ठेवला होता आणि शेजारी साबणाची वडी. नवी कोरी, कागदासकट. यांनी ती उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि होती तशी परत ठेवली. मग अंगण ओलांडून मागच्या रांजणाकडे निघाले, जिथे घरचे सगळे हात धुतात. तिथे कोनाड्यात एक झिजलेली वडी होती, बोटाएवढी उरलेली. यांनी तिला हात घातला तोच जाऊबाई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या.

“भाऊजी, अहो तिकडं कुठं? ती घरच्यांची हाय. तुमच्यासाठी नवी ठेवलीय की!”

यांनी हात मागे घेतला.

“हौ, हौ,” म्हणाले, आणि परत आले. दगडाशी खाली बसून नव्या वडीचा कागद सोलू लागले.